जरा चालून दाखवा

आम्ही चिरंजीवांना मुलींचे फोटो दाखवत होतो आणि चिरंजीव आम्हाला पिल्लांचे. दोन वर्षं ही देवाणघेवाण चालली. शेवटी त्याचं जमलं, आमचं राहिलं. एका रविवारी तो सगळ्या कागदपत्रांसह दोन महिन्यांचं एक पिल्लू घेऊन घरी आला. पाय लांब, पोट आत, आणि चेहऱ्यावर पतसंस्थेत ठेव बुडाल्यासारखा भाव. नाव ठेवलं बाजी. त्यानंतर तीन महिन्यांत चिरंजीवांना बंगळूरला नोकरी लागली. जाताना त्याने आम्हाला वाकून नमस्कार केला आणि बाजीला मिठी मारली. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लिहीत नाही.

बाजी कारवान जातीचा. म्हणजे आमच्या सांगली-जतकडे कारवानी, अंगावर लांब रेशमी केस असते तर पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात कारवान हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून बाकी सगळीकडे मुधोळ हाउंड. माहेरी एक नाव, सासरी दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरंच, हा अनुभव माझ्या गाठीशी असल्यामुळे मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. सासूबाईंना मात्र वाटत नव्हती. वय वर्षं शहाऐंशी, सोवळंओवळं कडक. कुत्र्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा कायदा. तो कायदा मोडला टपाल खात्याने. 2005 साली खात्याने कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटं काढली होती, त्यात मुधोळ होता. आमचे सासरे पोस्टात होते. चिरंजीवांनी फोनवर तिकिटाचं चित्र पाठवलं, सासूबाईंनी ते भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “खात्यातलाच आहे म्हणजे.” त्या दिवसापासून बाजी ओट्याखाली झोपतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ऑक्टोबरात फोन आला. “आई, बाजीला डॉग शोमध्ये उतरवायचंय. डिसेंबरात, पुण्यात. मोठा शो आहे. फॉर्म भरलाय, पैसे भरलेत. रजा मिळाली तर मीच येतो.” रजा मिळणार नाही, हे मला त्या वाक्यातच ऐकू आलं. ह्यांचा गुडघा बारा वर्षांपासून आजारी रजेवर आहे. सासूबाईंचा प्रश्न नव्हता. राहिलं कोण? बँकेत चौतीस वर्षं कॅशियर म्हणून काचेमागे बसून निवृत्त झालेली, एकसष्ट वर्षांची मी.

मग सूचना येऊ लागल्या. जज कुत्र्याचा जबडा उघडून दात बघतो. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसले पाहिजेत. पाठ, छाती, शेपटी हाताने चाचपून बघतो. उंची बघतो, कारवान नर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास हवा. स्वभाव बघतो. मग चालवून बघतो: सरळ जा, सरळ या, आता त्रिकोणात, आता गोल. हे सगळं मी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि मला 1986 सालचा वैशाख आठवला.

कराडला आमच्या माजघरात सतरंजी घातली होती. सांगलीहून पाहुणे आले होते. वाळव्याच्या मावशीने मला आठवडाभर शिकवलं होतं: मान खाली, पावलं छोटी, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हसायचं तर दात दिसणार नाहीत असं. पोहे झाले. मग समोरच्या बाईंनी, म्हणजे आजच्या सासूबाईंनी, “जरा चालून दाखव” म्हटलं. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. निकाल चार दिवसांनी पत्राने कळला. बाजीला निदान जागच्या जागी कळणार होता.

पुढच्या सूचनेपाशी चिरंजीव फोनवर जरा अडखळला. नर असेल तर जज आणखी एका बाबतीत मोजदाद करतो. ती दोन भरावी लागते, आणि दोन्ही जागच्या जागी. “तेवढं बघून ठेव ना, आई.” मी फोन ह्यांच्याकडे दिला. हे बाजीला घेऊन गच्चीवर गेले, खाली आले आणि “तपासले, बरोबर आढळले” असं सरकारी उत्तर दिलं. आयुष्य तहसील कचेरीत गेलेलं. सासूबाई जपाची माळ ओढत होत्या. त्या म्हणाल्या, “हे मात्र बरंय. इथे मुलाचीही तपासणी होते.”

दात मात्र मी मोजले. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला बेचाळीस असतात, वर वीस, खाली बावीस. बेचाळीसच्या गड्डीत एकही नोट कमी असलेली मला चालत नाही. पहिल्या मोजणीत एकेचाळीस भरले, दुसरीत त्रेचाळीस, तिसऱ्यांदा बाजीने तोंड मिटलं आणि माझा अंगठा आत राहिला. त्याने चावलं नाही. नुसता धरून ठेवला, पावती मिळेपर्यंत धरतात तसा. शेवटी वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर मदतीला आले. बेचाळीस निघाले. “तुमच्यापेक्षा चांगले आहेत,” असंही ते ह्यांना म्हणाले.

खरी अडचण स्पर्शाची होती. ही जात परक्याने हात लावलेला खपवून घेत नाही. चावणार नाही, पण अंग असं चोरेल की हात लावणाऱ्याला स्वतःबद्दल शंका यावी. म्हणून फर्मान निघालं की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने बाजीला चाचपायचं. दूधवाल्याने छाती, पेपरवाल्याने पाठ, सिलिंडरवाल्याने शेपूट. कुरिअरचा मुलगा आधी सही घ्यायचा, मग न सांगता कुत्र्याचा जबडा उघडायचा. समोरच्या बिऱ्हाडात नवीन भाडेकरू आले, त्यांनी महिनाभर आमच्याशी बोलणं टाळलं.

त्यातच वजनाचं निघालं. बाजीच्या फासळ्या दिसतात. या जातीला ससाण्यासारखं हलकं अंग शोभतं, तेच सौंदर्य. पण हे कॉलनीला कोण सांगणार? “खायला घालत नाही का हो?” असं विचारत बायका डब्यातून पुरणपोळीचे तुकडे आणायच्या. सासूबाई स्वतः दुपारी ओट्याखाली तुपाची पोळी सरकवायच्या. नोव्हेंबरात चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर बाजीला बघितलं आणि किंचाळला, “आई, हा लॅब्राडोर कोणाचा?” मग सकाळ-संध्याकाळ मैदानावर धाव सुरू झाली. बाजीची आणि माझी.

पळायला बाजी तयारच असतो. पिढ्यान्‌पिढ्या याच्या बापजाद्यांनी माळावर सशामागे झेपा घेतल्या. पण शोमध्ये झेप चालत नाही, दुडकी चाल लागते. जज बघतो ती चालच. सशाचा पाठलाग ज्याच्या रक्तात त्याला नाकासमोर गोल फिरवायचं, म्हणजे पैलवानाला मंगळागौरीत फुगडी घालायला लावण्यासारखं. यावर उपाय एकच, खिशात उकडलेली कलेजी. कलेजीचा तुकडा नाकाशी धरला की कुत्रा मान वर करून उभा राहतो, चारी पाय ठाशीव टेकवतो. त्याला स्टॅक म्हणतात. अडचणी दोन. पहिली, बायकांच्या ड्रेसला खिसे नसतात. मी शिंप्याकडे गेले, दोन पंजाबी ड्रेसना आतून प्लॅस्टिक लावलेले खिसे शिवायला सांगितले. “कशासाठी?” “कलेजी ठेवायला.” शिंपी वीस वर्षांच्या ओळखीचा, त्याने माप परत घेतलं नाही, पण माझ्याकडे बघितलं मात्र परत.

दुसरी अडचण मार्गशीर्ष. घरात घट मांडलेला, गुरुवार पाळलेले, आणि गॅलरीत जुन्या रॉकेलच्या स्टोव्हवर कलेजी शिजतेय. मी उदबत्तीचा पुडा संपवला. सासूबाई गॅलरीच्या दाराशी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मीठ घालू नकोस. त्याच्या मूत्रपिंडाला वाईट.” त्यांना हे कुठून कळलं, मला माहीत नाही. त्या दुपारी मोबाइल बघतात.

घरची तालीम ह्यांच्यापुढे. हे लग्नातला कोट घालून खुर्चीत बसायचे, हातात वही. मी बाजीला डाव्या बाजूला घेऊन हॉलमधून बेडरूमपर्यंत जायची आणि परत यायची. पहिल्या दिवशी हे म्हणाले, “पुन्हा एकदा.” दुसऱ्या दिवशीही म्हणाले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांनी बाजीकडे बघितलंच नव्हतं. पेपरातलं कोडं वहीत ठेवून सोडवत होते.

शोच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी ह्यांना इतिहास पाठवला. पहिला म्हणतात तो डॉग शो 1859 च्या जूनमध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला झाला. फक्त पॉइंटर आणि सेटर, शिकारी कुत्र्यांच्या दोन जाती. बक्षीस म्हणून बंदुका. आणि निकाल काय? पॉइंटरांच्या जजचा कुत्रा सेटरांत पहिला, सेटरांच्या जजचा कुत्रा पॉइंटरांत पहिला. हे मोठ्याने वाचून दाखवत होते. सासूबाईंनी माळ थांबवली. “साटंलोटं,” त्या म्हणाल्या. “आमच्या काकांच्या घरी झालं होतं. दोन्ही संसार टिकले नाहीत.”

कागदांचीही फाइल केली. नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावर तीन पिढ्यांची वंशावळ. माझ्या आधारचे आकडे बारा, बाजीच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचे पंधरा. वंशावळीत एकच आजोबा दोन ठिकाणी दिसले. मी छपाईची चूक समजून फोन केला. “चूक नाही, आई, मुद्दाम करतात तसं.” सासूबाईंना हे सांगितलं नाही. त्यांनी पत्रिका मागितली असती.

पहाटे साडेतीनला निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, कारण “पोस्टाचा कुत्रा, मी पाहिला पाहिजे.” पेठ नाक्यापर्यंत बाजी शांत. खंबाटकीच्या बोगद्यात त्याने आपला निकाल दिला, तो ह्यांच्या लग्नातल्या कोटावर. जजसारखं दिसावं म्हणून हे तो घालून आले होते.

पुण्याच्या मैदानावर पोचलो तर डोळे फिरले. तंबू, दोरखंडांची रिंगणं, आणि सगळीकडे केस सुकवायची यंत्रं घोंघावत होती. टेबलावर उभ्या शिह त्झूच्या केसांना कागदाच्या पुंगळ्या लावलेल्या. एका पूडलला दोन माणसं विंचरत होती, तिसरा फवारा मारत होता. व्यावसायिक हँडलर कोट-टायमध्ये, आणि खिशात कलेजी असूनही खिसा ओला नाही. मी टॉवेल ओला केला, बाजीला पुसला आणि तयारी संपली म्हणून चारी बाजूंना बघत राहिले. केस बारीक असण्याचा हा फायदा. सासूबाई रिंगणाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून निकाल द्यायला लागल्या. बॅसेट हाउंडला, “पायात आखूड.” अफगाण हाउंडला, “केस आहेत, पण मोठेपणा फार.” ग्रेट डेनला, “याला पोसणार कोण?” शेजारच्या बाई त्यांच्याकडून मतं घ्यायला लागल्या.

ज्युनिअर वर्गात कारवान नर आले दोन. बाजी आणि विजापूरकडचा एक. जज परदेशी, उंच, हसरे. त्यांनी दात बघितले, छाती चाचपली, ती मोजदादही केली. बाजीने अंग चोरलं नाही. कुरिअरच्या मुलाचे उपकार. मग त्यांनी हाताने खूण केली, चालून दाखवा.

मी निघाले. खिडकीपर्यंत, म्हणजे दोरापर्यंत. मान खाली, पावलं छोटी. अडतीस वर्षं मागे पडली होती, पण वाळव्याची मावशी पायात बसली होती. माझी मान खाली बघून बाजीनेही मान खाली घातली. आम्ही दोघं सत्यनारायणाच्या पूजेला उशिरा आल्यासारखे, चपला शोधत, परत आलो. जज हसले. “अगेन, मॅडम. फास्टर. हेड अप.”

मान वर. हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी ओढणी कमरेला खोचली आणि शेवटची सांगली-कराड सुटतानाची माझी जुनी धाव काढली. बाजीला ती ओळखीची वाटली असावी. त्याने मान उचलली, पाय लांब पडायला लागले, जमिनीला नुसते टेकून सुटायला लागले. एक फेरा. जजने “थँक यू” म्हटलं. खिशातून कलेजीचा रस पायापर्यंत उतरला होता, मला नंतर कळलं.

दोनात दुसरे आलो. विजापूरकराची पाठ सरळ होती, हे सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. रिबीन मिळाली. ह्यांनी ती फोनवर दाखवली, चिरंजीव ओरडला, “सेकंड!” एकूण किती होते, हे त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

परतताना कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. हे गाडीत कोट उन्हाला धरून बसले होते. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, जजने मला दोनदा चालायला लावलं. तुम्ही एकदाच लावलं होतं.”

त्यांनी बशीतला चहा संपवला. “मी तुझी चाल बघितलीच नव्हती गं. माझा चष्मा एसटीत राहिला होता. तू खिडकीकडे गेलीस की भिंतीकडे, मला काय दिसणार?”

“मग पसंत कशी केलीत?”

“पोहे आले ना, त्यात लिंबू पिळलेलं नव्हतं. फोड वेगळी ठेवली होती बशीत. म्हटलं, माणसाच्या तोंडाची चव विचारात घेणारं घर आहे.”

ते लिंबू ऐनवेळी संपलं होतं, शेजारच्या काकूंकडून मागून आणलं, तोवर बशा बाहेर गेल्या होत्या, म्हणून भावाने धावत जाऊन फोडी नुसत्या कडेला ठेवल्या. मी काही बोलले नाही. खिशात हात घातला, कलेजीचा एक शेवटचा तुकडा उरला होता, तो बाजीला दिला.