काका, तुम्ही बाजूला व्हा

काही माणसांच्या हाताला गुण असतो. माझ्या हाताला नुसता उत्साह आहे. घरात मी कशालाही हात लावत नाही, हे आमच्या हिच्या तोंडून तुम्ही केव्हाही ऐकू शकता. पण जिन्यात, लग्नात, बसस्टॉपवर कुणाला 'काहीतरी होतंय' असं दिसलं की हेच हात शिवशिवायला लागतात. आणि गंमत बघा, अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यांत प्रथमोपचाराचा निम्मा भाग काय काय करू नये याचाच असतो. म्हणजे काही न करणं या ज्या विषयात मी जन्मजात निष्णात, त्यातच मी नापास.

त्यात सोसायटीत प्रथमोपचाराचं शिबिर भरलं. डॉक्टरीणबाईंनी रबरी पुतळ्याची छाती दाबायला लावली, मिनिटाला 100 ते 120 वेळा, चांगली पाच सेंटिमीटर खोल. अर्ध्या मिनिटात पुतळा ठणठणीत आणि मला धाप. शेवटी प्रमाणपत्रं वाटली. हजर राहिल्याची. माझं मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आणि जिना चढून दमलेल्या शेजाऱ्यांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

पहिले तावडीत सापडले समोरचे नाना. अंगारकीचा दिवस. नाना मधुमेही, पण उपास कडक. सकाळपासून पोटात फक्त बिनसाखरेचा कोरा चहा आणि सवयीने घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. आज अंगारकी आहे आणि चंद्रोदय नऊनंतर आहे, हे तिला कोण सांगणार? संध्याकाळी मी त्यांचा पेपर परत द्यायला गेलो, तर पंख्याखाली बसून नानांना दरदरून घाम फुटलेला, हात थरथरताहेत, आणि नानींवर विनाकारण खेकसणं चाललंय. साखर उतरली की माणूस चिडचिडा होतो, हे शिबिरात सांगितलं होतं. पण नानांच्या बाबतीत ते लक्षण रोजचंच.

मी पक्षाघात ठरवून मोकळा झालो. हसायला सांगायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं, एक वाक्य बोलायला सांगायचं. तोंड वाकडं दिसलं, हात खाली आला, जीभ अडखळली, तर थेट हॉस्पिटल, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. हे सगळं मला पाठ होतं. "नाना, हसून दाखवा," मी म्हणालो. नाना शेवटचे कधी हसले ते नानींनाही आठवेना, त्यामुळे तोंड आत्ता वाकडं झालंय की मूळचंच तसं आहे, हे ठरवायला काही आधारच नव्हता. हात वर करा म्हटल्यावर त्यांनी एकच केला, आणि तो माझ्यावर उगारला. वाक्य मात्र अगदी स्वच्छ बोलले. ते इथे छापता येणार नाही.

"अरे, यांची शुगर उतरली असणार, मी मशीन शोधते, तू सरबत कर पटकन," नानी ओरडल्या. मी स्वयंपाकघरात धावलो. लिंबू पिळलं, मीठ घातलं, जिरेपूड भुरभुरवली, आणि मधुमेही माणसाला साखर कशी द्यायची म्हणून फडताळातल्या डबीतल्या शुगरफ्रीच्या चार गोळ्या, स्वतःच्या प्रसंगावधानावर खूश होत, चांगल्या ढवळून ढवळून विरघळवल्या. नाना शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. घाम वाढला.

गलका ऐकून ही आली. तिने ग्लास बघितला, ओट्यावरची डबी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि एक शब्दही न बोलता अर्ध्या ग्लास पाण्यात चार चमचे साखर ढवळून नानांच्या हातात दिली. मशीनवर आकडा आला 52. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर 15 ग्रॅम साखर द्यायची, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, साखर नाही, पाणी नाही, तीर्थसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि 108 फिरवायचा. पाव तासाने आकडा 88 झाला, तसा नानींनी चंद्राची वाट न बघता वरणभात कालवला आणि डॉक्टरांनाही फोन लावला, कारण त्या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. "बाप्पा समजून घेईल," नानी म्हणाल्या. नाना मला समजून घ्यायला तयार नव्हते.

पुढचा प्रसंग मंगल कार्यालयातला. पंगत उठत होती, आणि हात धुवायच्या बेसिनपाशी एका कॉलेजातल्या मुलाला फिट आली. तो खाली पडतो न पडतो तोच कुणी चप्पल आणायला पळालं (मंगल कार्यालयात चपलांना काय तोटा!), कुणी मुदपाकखान्यातून कांदा मागवला, एका गृहस्थांनी दातांत घालायला जिलबीचा झारा आणला. आता माझं प्रमाणपत्र उसळून आलं. मी झाऱ्यासमोर आडवा झालो आणि व्याख्यान सुरू केलं, की जीभ गिळली जात नसते, दातांत काही घातलं तर दातच तुटतात, हातपाय दाबून धरले तर खांदा निखळतो; आणि कांद्याचं म्हणाल तर बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबते, नेमका तेव्हाच कांदा पोचतो, म्हणून श्रेय कांद्याला जातं. मुद्दे बिनतोड होते. फक्त मुलगा बाजूलाच राहिला होता.

त्याची धाकटी बहीण, शाळकरी पोर, तेवढ्यात खाली बसलीसुद्धा. तिने ओढणीची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली, खुर्च्या लांब ढकलल्या, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि मोबाइलवर वेळ लावली. पाच मिनिटांवर गेली तर अँब्युलन्स, असं तिला घरी शिकवलेलं होतं. "काका, तुम्ही बाजूला व्हा, आणि गर्दी तेवढी हटवा," ती म्हणाली. मी ऐटीत वळलो. सगळी गर्दी माझ्या मागे दोन हात लांब उभी होती. हटवण्याजोगा मी एकटाच होतो.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी झटके थांबले. तिने भावाला कुशीवर वळवलं, पाणी घेऊन आलेल्या मावशींना "पूर्ण शुद्धीवर येऊ दे" म्हणून थांबवलं, आणि त्याच्याशी हळूहळू बोलत बसली. कांदा तेव्हा पोचला. चिरलेला होता. तो मी मठ्ठ्याबरोबर खाल्ला.

तरीही खुमखुमी जाईना, म्हणून मी घरी ग्लुकोमीटर आणला आणि हिला प्रात्यक्षिक दाखवायला स्वतःच्या बोटाला सुई टोचली. बोटावर रक्ताचा तांबडा मणी फुगला, एवढंच मला आठवतं. रक्त बघून काही जणांची नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे वळतं. म्हणजे पडणं हाच अर्धा उपचार. तेवढा मी निर्दोष पार पाडला.

डोळे उघडले तेव्हा माझे पाय सोफ्याच्या उश्यांवर होते, खिडक्या उघड्या होत्या, आणि डोक्याशी नाना उभे होते. "हसून दाखव," ते म्हणाले. मी हसलो. "हात वर कर. दोन्ही." केले. "आता एक वाक्य बोल." मी पडल्यापडल्या बेशुद्धीची मुख्य कारणं आणि त्यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली.

"काळजी करू नका," ही नानांना म्हणाली, "यांना काहीही झालेलं नाही."