ओरिजिनलमामा

तुमच्या ओळखीत असा एक मामा असणारच. देवगडचा म्हणून आलेला हापूस नाकाशी धरून "कर्नाटकी" असा निकाल देणारा, पैठणीचा पदर उलटा करून मागचे धागे बघणारा, साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या अंगठीकडे डोळे बारीक करून पाहणारा. आमच्या चौकातल्या मामाला हे दुखणं जरा जास्तच आहे. त्याचं खरं नाव चर्चच्या वहीत असेल. जेट्टीवर मात्र पोरंटोरं त्याला ओरिजिनलमामा म्हणतात, कारण जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला एकच प्रश्न पडतो: "ओरिजिनल हाय का?"

चौक म्हणजे चार रस्त्यांचा नव्हे. भाईंदर पश्चिमेला उतरून डोंगरीच्या बाजूने बस जिथे थकते तिथलं आमचं गाव. समोर वसईची खाडी, पलीकडे वसईचा किल्ला, अलीकडे वलांडीवर वाळणारे बोंबील. या बोंबलांनी मामीच्या संसाराची निम्मी वर्षं खाल्ली. तिने बाहेरून कुठून सुके बोंबील आणले की मामा एक उचलणार, मोडणार, कट् असा आवाज ऐकणार, वास घेणार आणि म्हणणार, "जाफराबादी." मामी म्हणते, "ताटात आहे ते खा नि गप बस." मामा खातो. गप मात्र बसत नाही.

एका नाताळला त्याने सांताक्लॉजची दाढी ओढली. दाढी हातात आली, पोरं रडायला लागली. मामाने दाढी वर धरून सगळ्यांना दाखवली: "बघा, कापूस!" त्या रात्री आयांनी त्याला जे ऐकवलं त्यातला प्रत्येक शब्द ओरिजिनल होता.

अशा माणसाला कुणी म्युझियममध्ये नेतं का? पण मे महिन्यात आम्ही गावातली पोरं मुंबईला न्यायची ठरवली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग गेटवे, मग भेळ, असा साधा बेत होता. मामा न विचारता बसमध्ये येऊन बसला. पुढे लोकलमध्ये भाईंदरपासून चर्चगेटपर्यंत पोरांना खिडकी मिळावी म्हणून त्याने दोन गुजराती काकांशी भांडण काढलं, हे त्याच्या जमेला धरायला हवं. बाकी हिशेब उधारीचाच.

सुरुवात दारातच झाली. मामा तपासणीच्या चौकटीतून गेला आणि यंत्र किंचाळलं. चाव्या काढल्या, पट्टा काढला, गळ्यातला क्रूस काढला, तरी यंत्र ओरडतंच. मग मामाने पँटीवरून उजवा गुडघा थोपटला आणि गार्डला म्हणाला, "हा तेवढा डुप्लिकेट हाय. बाकी माणूस ओरिजिनल." गार्ड हसला. ते त्याने करायला नको होतं. त्या क्षणापासून मामाने त्याला आपला माणूस मानलं.

आत घुमटाखाली आलं की भल्याभल्यांची मान वर जाते. जॉर्ज विटेट या वास्तुकाराने विजापूरच्या गोलघुमटाकडे बघून हा घुमट रचला आणि त्याखाली नाशिकच्या एका वाड्यातल्या लाकडी कमानी आणून बसवल्या. १९०५ साली पायाभरणी, १९१४ ला इमारत उभी, पण पहिलं महायुद्ध आलं आणि तिथे लष्करी दवाखाना निघाला. म्युझियम म्हणून दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. मी हे सगळं पोरांना रंगवून सांगत होते आणि मामा कमानीच्या खांबाला नख लावून बघत होता. "हात लावू नका," गार्ड म्हणाला. "लाकूड ओरिजिनल हाय," मामाने त्याला उलट दिलासा दिला.

अकबराच्या चिलखतापाशी मामा बराच वेळ थांबला. पोलादावरची नक्षी, कडेची अक्षरं, काहीच त्याच्या लेखी नव्हतं. "बादशानं अंगात घातलेलं म्हणतात ना? मग घामाचा डाग कुठाय?" टाटांनी दिलेल्या चित्रांच्या आणि चिनी भांड्यांच्या दालनात मात्र तो एकदम मऊ झाला. "टाटा डुप्लिकेट घेणार नाय," म्हणून ते अख्खं दालन त्याने न बघताच पास केलं. पेंढा भरलेल्या वाघापुढे पोरांची सभाच भरली. कातडं ओरिजिनल, आतला पेंढा डुप्लिकेट, मग वाघ कोण? बारकीने निकाल दिला, "मिशा कुणाच्या त्यावर." मामाने तिला जवळ घेतलं. घराण्यात वारस मिळाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावेना.

माझा पारा चढला होता. म्हटलं, थांब, तुझी जिरवतेच. मी त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं, "मामा, २०१७ च्या नोव्हेंबरात इथे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून वस्तू आल्या होत्या. त्यात एक थाळी फेकणारा संगमरवरी पुतळा होता. जगभर गाजलेला. मूळ पुतळा ग्रीक मायरनने ब्राँझमध्ये केलेला, तो काळाने गिळला. ही रोमन लोकांनी केलेली कॉपी. १७९१ मध्ये इटलीत मिळाली, नि दुरुस्त करताना त्याची मुंडी चुकीच्या बाजूला वळवून बसवली."

मामा कितीतरी वेळ बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माल कॉपी. वर मुंडी उलटी. नि लोक तिकीट काढून बघायला?"

"हो."

"लंडनवाल्यांना कुणी सांगितलं का?"

मी म्हटलं, "त्यांनीच लिहून ठेवलंय." यावर त्याने कपाळाला हात लावला. मग मी मोनालिसाचीही गोष्ट सांगून टाकली. १९११ साली पॅरिसच्या लूव्ह्रमधून ते चित्र चोरीला गेलं तेव्हा लोक नुसती रिकामी जागा बघायला रांगा लावत होते. वाटलं, आता तरी हा खचेल. तर मामा खूष! "हुशार लोक. भिंत तरी ओरिजिनल होती."

आणि मग तो परळच्या शिवापाशी पोचला. एकाच शिळेत सात शिव. मधला उभा, त्याच्यातून वर आणखी दोन उगवलेले, दोन्ही बाजूंना झुकून बाहेर निघालेले चार, पायाशी वाद्यं वाजवणारे गण. पाचव्या-सहाव्या शतकातलं काम. एवढा वेळ टिवल्याबावल्या करणारी पोरंही तिथे मान वर करून उभी राहिली. मामाने पहिल्यांदाच काही विचारलं नाही. बघत राहिला. मग सवयीने चष्मा वर सरकवून पाटी वाचली आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की दोन परदेशी बायका दचकल्या.

"बाय! ही प्लास्टरची हाय!"

होती खरी. मूळ शिळा १९३१ साली परळला रस्ता करताना सापडली आणि परळमध्येच राहिली. आजही ती तिथल्या बारादेवीच्या देवळात आहे, तिची पूजा होते. म्युझियमच्या वाट्याला आली ती साच्यातून काढलेली कॉपी. मी हे सांगेपर्यंत मामा जिन्याकडे निघाला होता. गेटवे रद्द, भेळ रद्द. पोरांची वरात चर्चगेटला आणि तिथून प्रभादेवी स्टेशन. पूल ओलांडून परळ गाव गाठेपर्यंत मी मामाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की पुढच्या कन्फेशनला फादरचा वेळ जाईल. वाटेत त्याने पोरांना स्वतःच्या खिशातून वडापाव घेतला. वडापावलाही तो प्रश्न विचारेल अशी मला भीती होती. विचारला नाही, भूक लागली होती.

देवळात मामाने चप्पल काढली, टोपी काढली. मिस्सेला शेवटच्या बाकावर बसून पेंगणारा माणूस, पण इथे ताठ उभा. शिळेपुढे फुलं होती. बराच वेळ झाला, पोरं चुळबुळायला लागली, तेव्हा तो बाहेर आला आणि पायरीवर बसून चप्पल घालता घालता म्हणाला, "तिथली कॉपी पण चांगली केलीय हां. उजेड चांगला पडतो. वरच्याचं तोंड मला तिथंच नीट दिसलं." मामाच्या तोंडून कॉपीचं कौतुक! मी जवळच्या पोराला साक्षीला ठेवलं.

मग म्हणाला, "परळवाले शहाणे. ओरिजिनल ठेवलं, कॉपी दिली. आपल्या वसईवाल्यांना घंटांच्या कॉप्या काढायला टाइमच नाय मिळाला."

हे त्याचं जुनं दुखणं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी आधी आमच्या गावचा धारावी किल्ला घेतला आणि मे महिन्यात वसई. विजयाबरोबर तिथल्या चर्चच्या घंटाही गेल्या आणि देशावर देवळादेवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. चौकात किल्ल्याचं जे काही उरलंय तिथे अप्पांचा पुतळा आहे. संध्याकाळी मामा पुतळ्याच्या सावलीतच बसतो, खाडीपलीकडे वसई बघतो आणि कधीकधी वर तोंड करून अप्पांशी घंटांबद्दल बोलतो. भांडण नाही. शेजाऱ्याने नेलेलं पातेलं आठवावं तेवढाच सूर.

आता एक गोष्ट लिहिते, ती त्याला वाचून दाखवू नका. मामाच्या घरात टीव्हीवर एक हातभर होडी आहे. त्याच्या बापाची मोठी होडी होती. ती म्हातारी झाली तेव्हा किनाऱ्यावरच फोडली, लाकूड चुलीत गेलं. एक फळी मामाने लपवून ठेवली आणि तिच्यातून ही कोरली, डोलकाठी, सुकाणू, नांगर सगळं. दुबईची नात व्हिडिओ कॉलवर विचारते, "ग्रँडपा, हे टॉय आहे?" तेव्हा मामा एकदम रेंज गेल्याची तक्रार करतो. त्या होडीबद्दल त्याचा तो प्रश्न त्याला विचारायची मला अनेकदा हुक्की येते. अजून विचारलेला नाही. मामी शेजारी बसलेली असते, एवढंच कारण.

तर आता मेणवलीचा बेत ठरलाय. घंटेवर १७०७ साल आहे म्हणतात, ते मामाला बोटाने चाचपून बघायचंय. गाडी मी ठरवायची, डबा मी करायचा, पोरं मी सांभाळायची. मी म्हटलं, "मामा, घाटाच्या पायऱ्या आहेत तिथे. गुडघ्याचं काय करशील?"

"उजव्याची काळजी नको," तो म्हणाला. "तो डुप्लिकेट, त्याला काय होत नाय. दुखतो तो ओरिजिनल."