प्ले आहे, पास करा!

(सर्फस्केटची कार्यपद्धती. नवशिक्यांसाठी. आवृत्ती पहिली, दुरुस्त्या चालू.)

१. उद्देश
भोसरी ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि कंबर ठीक असल्याचा दावा करणाऱ्या इसमास समुद्र नसताना लाटेवर स्वार होता यावे. आपल्याला समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो, आणि उतरूनही लाट आपल्या शिफ्टप्रमाणे येईल याची हमी नाही. कॅलिफोर्नियात समुद्र दाराशी होता, तरी रडगाणे हेच. लाट नसेल त्या दिवशी काय करायचे, म्हणून नव्वदच्या दशकात तिथल्या व्हेनिसमध्ये नील कार्व्हर आणि ग्रेग फॉल्क यांनी स्केटबोर्डाचा पुढचा ट्रक बदलला, आणि सर्फस्केट झाला. चाकणकरांनी दचकू नये. फळीखाली चाकांचा आस धरणाऱ्या भागालाच इथे ट्रक म्हणतात.

२. साहित्य
फळी एक, लांबी साधारण तीस इंच. चाके चार, पॉलियुरेथेनची, मऊ, ६५ ते ७० मिलिमीटर. बेअरिंग आठ, नंबर ६०८: आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर. हा नंबर ऐकून घरात कुणाचा चेहरा उजळला, तर त्याची हयात एमआयडीसीत गेली असे समजावे.
मागचा ट्रक साधा, घट्ट. पुढचा मात्र डावीउजवीकडे मोकळा फिरतो. मुलाने बोर्ड घरी आणला तेव्हा मी तो उलटा करून पुढचा ट्रक हलवून पाहिला. बावीस वर्षे क्वालिटीत काढली आहेत; तिथे असल्या ढिलेपणाला ‘प्ले’ म्हणतात. तोंडातून आपोआप निघाले, “प्ले आहे. रिजेक्ट.”
मुलगा म्हणाला, “बाबा, त्या प्लेचेच तर पैसे दिलेत.”

३. जागा व वेळ
अ) चाकण: नापास. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये इथल्या संग्रामदुर्गावर शायिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने अडवून धरले होते. तळेगाव चौक ती परंपरा रोज संध्याकाळी पाळतो.
आ) निगडी प्राधिकरण: सशर्त पास. रस्ते आखीव, झाडे दाट. पण पहाटे फिरायला येणारे आजोबा चौघे-चौघे ओळीने चालतात आणि वळत नाहीत.
इ) भोसरी एमआयडीसीची आतली गल्ली, गुरुवारी: पास. विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे सुट्टीचे वार मिळाले, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. शटर बंद, टेम्पो गायब, फक्त वॉचमन आणि कुत्री. आधी झाडू मारावा. लेथची एक चिप चाकाखाली आली की चाक थांबते, आपण थांबत नाही.

४. सुरक्षा
हेल्मेट, मनगट, कोपर, गुडघे: चारही हवेत. पडताना माणूस हात टेकतो, म्हणून पहिला मार मनगटाला. कंपनीचे पिवळे हेल्मेट चालणार नाही. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते; इथे पडणारी वस्तू आपणच.

५. कार्यपद्धती
पायरी १: पुढचा पाय ठरवणे. सरळ उभे राहावे, कुणीतरी मागून हलकेच ढकलावे. आपोआप पुढे पडतो तो पुढचा पाय. डावा असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. हे काम आमच्या सौभाग्यवतींनी तीन वेळा केले. पहिल्यांदाच निकाल लागला होता.
पायरी २: गवतावर बोर्ड ठेवून नुसते उभे राहावे. पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या बोल्टांपाशी, मागचा मागच्या ट्रकवर. गुडघे वाकलेले. निगडीहून कात्रजला पीएमपीत दांडा न धरता उभ्याने गेलेल्यांनी ही पायरी गाळावी.
पायरी ३: आधी नजर वळवावी. मग खांदे, मग कंबर. बोर्ड शेवटी वळतो, तोही न सांगता.
पायरी ४: पंपिंग. पाय जमिनीला न लावता वेग घेणे. नागपंचमीला झोपाळ्यावर उभे राहून झोका चढवणारी मुलगी आठवावी. ती नेमक्या वेळी खाली बसते, नेमक्या वेळी उठते. मागून कुणी ढकलत नाही, तरी झोका चढतो. तसेच वळणात शिरताना बसावे, बाहेर पडताना उठावे, हात वळणाच्या दिशेने फेकावेत.
पायरी ५: थांबणे. ब्रेक नाही. वेग कमी असतानाच उतरावे. जास्त असेल तर उतरवले जाते.

६. दोष व मूळ कारण (‘पाच वेळा का’ पद्धतीने)
इसम पडला. का? वजन मागे गेले. का? अंग ताठ झाले. का? नजर पायांवर होती. का? पायांवर विश्वास नव्हता. का? बावीस वर्षे डायल गेजच्या काट्याकडे पाहण्यात गेली. काटा हलला की माल परत.
उपाय: पुढच्या ट्रकचा नट आवळू नये. मी आवळला होता. बोर्ड सुतासारखा सरळ गेला आणि सुतासारखाच सरळ गटारात.

७. स्वीकृती निकष
पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचे सुवर्ण जिंकले, तेव्हा ती विशीतही नव्हती. तुलना करू नये. आपल्यासाठी निकष एकच: पाय न टेकता लागोपाठ तीन वळणे.
गेल्या गुरुवारी, अकराव्या आठवड्यात, बंद शटरांसमोर ती झाली. चौथ्या वळणाला मी मुलगा पाहतोय का ते बघितले, म्हणजे नजर वळली, म्हणून बोर्डही त्याच्याकडेच गेला. दोघेही पडलो.
गुडघा झाडत मुलाने विचारले, “रिझल्ट?”
मी बोर्ड उलटा केला, पुढचा ट्रक हलवून पाहिला. होता तेवढाच ढिला. खिशातल्या डायरीत शेरा लिहिला: प्ले आहे. ओके.