मागल्या दाराचा अडुळसा

सिंदफणेच्या काठच्या शिरूर कासारात, जिथे उन्हाळा लागताच टँकरच्या खेपांची रुजवात ठेवणे हेच दफ्तराचे मुख्य काम होऊन बसते, तिथे एखाद्या नव्या बंगल्याच्या मालकास दारापुढे पंपास गवत लावण्याची बुद्धी व्हावी, हे सौंदर्यदृष्टीचे लक्षण मानावे की ऐश्वर्याचे, याचा निवाडा अवघड आहे. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे गवत पुरुषभर उंच होते, रुपेरी तुरे मिरवते, आणि कौतुकाने हात फिरवणाऱ्या पाहुण्याचे बोट आपल्या धारदार पात्याने चिरून स्वतःची ओळख पटवते.

मागल्या कुंपणाला, मोरीच्या पाण्यावर, अडुळसा उभा असतो. त्याला ना आळे, ना खत. शेळीसुद्धा त्याच्या कडू पानाला तोंड लावीत नाही, आणि ज्या मुलखात कुंपणाचा खरा शत्रू शेळी हाच आहे, तिथे हा गुण कोणत्याही सनदेहून मोठा समजला पाहिजे. घरात खोकला शिरला की मालकीणबाई मुकाट्याने पाने खुडतात, वाफवून रस काढतात, मधातून चाटवतात. मालक मात्र दुकानातून ब्रोमहेक्झिनची बाटली आणतात. ते औषध अडुळशातल्याच व्हॅसिसीन या द्रव्यावरून बेतलेले आहे, हे त्यांच्या कानी घालण्याची हिंमत कोणी करीत नाही.

आमची नम्र शिफारस एवढीच, की अडुळशाला दर्शनी जागा बहाल करावी आणि पंपासला काही दिवस मोरीच्या पाण्यावर ठेवून पाहावे.