मेंबर

काकतीत हायवेकडेच्या हॉटेलात कुणी नुसतं 'मेंबर' म्हणून हाक मारली, की एकच गृहस्थ वळून बघतात. ग्रामपंचायतीत मेंबर बरेच. पण आमच्या गल्लीपुरते मेंबर म्हणजे हेच.

'भ्रष्टाचार' हा शब्द त्यांनी विरोधी गटासाठी राखून ठेवलाय. त्यांच्याकडे असतो तो 'खर्च'. गटाराचं बिल काढायला 'खर्च', उताऱ्यावर नाव चढवायला 'चहापाणी', कंत्राटदाराकडून यात्रेला 'वर्गणी'. "लाच साहेबलोक खातात. आम्ही लोकांची कामं करतोय की!"

लोकायुक्तांची धाड पडली, की मेंबर पेपर मोठ्यानं वाचतात. सोन्याचे ग्रॅम, प्लॉटांची संख्या, कपाटातली रोकड. शेवटी पेपर आपटतात. "घरात ठेवलंय, गाढव!" खाल्ल्याचा त्यांना राग नाही, नीट ठेवता आलं नाही, याचा आहे.

2011 साली न्यायमूर्ती संतोष हेगडेंच्या खाण अहवालानं मुख्यमंत्री येडियुरप्पांची खुर्ची गेली, तेव्हा मेंबरनी चौकात पेढे वाटले. 2016 मध्ये सिद्धरामय्या सरकारनं एसीबी हे लाचविरोधी पथक उभं करून लोकायुक्तांचे पोलिसी अधिकार तिकडं नेले, तेव्हाही वाटले. 11 ऑगस्ट 2022 ला हायकोर्टानं एसीबीच रद्द करून अधिकार परत दिले. पुन्हा पेढे! मी विचारलं, "मेंबर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"जो धाड घालणार, त्याच्या. आपल्या दारात येईपर्यंत सगळे चांगलेच असतात गा."

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव. जयंतीच्या भाषणात मी म्हणालो, "इंग्रजांना कप्प, म्हणजे खंडणी, देणार नाही म्हणणाऱ्या राणीचं हे गाव!" मेंबर कानाशी पुटपुटले, "देणार नाही म्हणाल्या. घेणार नाही असं कुठं म्हणाल्या?"

सापळ्याची मात्र त्यांना मनापासून धास्ती. नोटांना पावडर लावलेली असते, हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून ते पैशाला हात लावत नाहीत. नजर छताकडे लावून म्हणतात, "त्या डायरीत ठेवा की." आणि डायरी बायको उचलते.

गेल्या निवडणुकीत मेंबर पुन्हा निवडून आले. हलगी वाजली, पोरांनी खांद्यावर घेतलं, गुलालात नखशिखांत न्हाऊ घातलं. मिरवणूक पंचायतीपाशी आली आणि मेंबर दिसेनात. शोधत मागं गेलो, तर नळाखाली बसून तळहात खसाखसा चोळत होते.

"काय करूलाय, मेंबर? गुलाल हाय तो!"

"ठाऊक हाय गा," खाली गटाराकडं बघत ते म्हणाले, "पण पाणी बघ की, कसलं गुलाबी झालंय!"