स्वॅटमध्ये शिरण्याचा शास्त्रोक्त विधी

सांबा हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर लिनक्सच्या यंत्राला विंडोजवाल्यांचा फाइल सर्व्हर बनवते. त्याचा सारा संसार चालतो ‘एसएमबी डॉट कॉन्फ’ या साध्या मजकुराच्या फाइलीवर. ती हाताने लिहिताना ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी १९९९ मध्ये सांबाच्या २.० आवृत्तीबरोबर स्वॅट हे ब्राउझरमधले साधन अवतरले. ब्राउझर उघडावा, पोर्ट ९०१ वर जावे, रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, म्हणून लॉगिन करावे आणि माउसने सर्व्हर हाकावा. जुन्या सांबावर यातल्या तिसऱ्या पायरीशी अजूनही अडकून पडलेल्या साधकांसाठी पुढील विधी.

प्रथम तोच पासवर्ड पुन्हा टाकावा, पण कळा जोरात दाबून. कॅप्स लॉककडे पाहू नये. तो नेहमी दुसऱ्याचाच चालू राहतो.

पानच उघडत नसेल, तर साधकाला पासवर्ड विचारण्याइतकीही योग्यता कोणी दिलेली नाही हे ओळखावे. स्वॅट स्वतः जागे राहत नाही. हाक आली की एक्सइनेटडी ही पहारेकरी सेवा त्याला उठवते, आणि बऱ्याच जुन्या लिनक्समध्ये तिच्याकडच्या स्वॅटच्या फाइलीत ‘डिसेबल = येस’ अशी ओळ आधीपासून लिहिलेली असते. ती ‘नो’ करून एक्सइनेटडी पुन्हा सुरू करावी लागते. त्याच फाइलीत ‘ओन्ली फ्रॉम’पुढे १२७.०.०.१ हा पत्ता असतो. म्हणजे सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसलेल्यालाच प्रवेश. स्वतःच्या टेबलावरून प्रयत्न करणाऱ्याने ही ओळ वाचण्याआधी नेटवर्कवाल्याशी भांडून घ्यावे, नंतर कारण उरत नाही.

आता खरी मेख. सांबाला विंडोजच्या पद्धतीने गुंडाळलेले पासवर्ड लागतात, म्हणून ते स्वतःची वेगळी वही ठेवते. स्वॅट मात्र ती वही न उघडता यंत्राचा मूळ पासवर्ड मागते. परिणामी साधक सांबाच्या वहीत रूटचा पासवर्ड चार वेळा बदलतो, चारही वेळा ‘बदलला’ असा निरोप मिळतो आणि स्वॅट चारही वेळा त्याला दारातून परत पाठवते. दोन्हीकडे सगळे नियमानुसारच चाललेले असते.

उबुंटूवर तर याच्याही पुढची पायरी आहे. तिथे रूटचे खाते मुळातच कुलूपबंद असल्याने बरोबर पासवर्ड अस्तित्वातच नसतो. साधक तो शोधत राहतो. स्वतःच्या साध्या नावाने तो आत शिरू शकतो, पण मग स्थिती पाहणे आणि आपला पासवर्ड बदलणे यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. शेवटी ‘सुडो पासडब्ल्यूडी रूट’ करून तो रूटला पासवर्ड देतो आणि विजयी मुद्रेने आत जातो. हा नवा पासवर्ड साध्या एचटीटीपीवरून, बेस६४ चा झिरझिरीत पदर घेऊन, कचेरीभर फिरतो हे त्याला त्या दिवशी सांगू नये. एसटनेल हे सांकेतिकीकरणाचे साधन लावून ती वाट झाकता येते. पण लॉगिन झाल्याच्या आनंदात तेवढे कोण वाचणार?

पराकोटीचा उपाय म्हणजे ‘-ए’ हा पर्याय. त्याने पासवर्ड विचारणेच बंद होते आणि वाटेल तो येऊन फाइल बदलू शकतो. कामाच्या सर्व्हरवर हे करू नका, असे माहितीपुस्तिका बजावते. तिथवर वाचणाऱ्याला हा पर्याय लागतच नाही.

२००४ मध्ये तर याहून सोपा मार्ग सापडला होता. सांबाच्या ३.०.२ ते ३.०.४ या आवृत्त्यांत लॉगिनच्या वेळी बेस६४ मधले एखादे चुकीचे अक्षर आले, की स्वॅटची स्मृती ओसंडून वाहायची आणि त्यातून परक्याला घुसता येण्याची शक्यता होती. खरा पासवर्ड विसरलेला प्रशासक मात्र बाहेरच. ३.०.५ मध्ये ही सोय बंद झाली.

आत शिरल्यावर ‘कमिट चेंजेस’ दाबावे. स्वॅट सगळी फाइल नव्याने लिहून काढते. आधीच्या माणसाने कष्टाने लिहिलेल्या टिपा आणि ‘इन्क्लूड’च्या ओळी त्यात साफ होतात. म्हणून लॉगिनआधी फाइलीची प्रत काढावी.

२०१३ मध्ये ४.१ आवृत्तीपासून सांबाने स्वॅट काढूनच टाकले. त्यामुळे नव्या सर्व्हरच्या ९०१ पोर्टवर कोणी पासवर्ड आठवत बसला असेल, तर त्याला आधी आवृत्ती पाहायला सांगावे, मग फाइल हाताने लिहून ‘टेस्टपार्म’ने तपासायला.