निष्ठेचे दिवाणजी

दुसऱ्याच्या निष्ठेचा हिशेब ठेवण्याचे काम ज्यांनी कोणाच्याही नेमणुकीवाचून, विनावेतन आणि आमरण पत्करलेले असते, अशा थोर पुरुषांची वस्ती पृथ्वीवर सर्वत्रच आढळते. परंतु ही जात तिच्या संपूर्ण तेजानिशी पाहावयाची असेल, तर जिज्ञासूने सोलापुरास यावे, अक्कलकोट रस्त्याने एमआयडीसीत शिरावे, आणि मागांचा रात्रंदिवस चालणारा खडखडाट जेथे किंचित क्षीण होतो अशा एखाद्या चहाच्या टपरीपाशी, खेळाडूंच्या लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उभे राहावे. तेथे बाकावर बसून, एका हातात वर्तमानपत्र व दुसऱ्या हातात कटिंग चहा घेऊन, जो गृहस्थ त्रिभुवनातील इमानाचा पंचनामा करीत असेल, तोच आमचा चरित्रनायक होय. त्याचे पाळण्यातले नाव काहीही असो. सारी एमआयडीसी त्याला अण्णा म्हणते.

अण्णा पेशाने दिवाणजी आहेत. टॉवेलाच्या एका कारखान्यात विणकरांच्या मजुरीची कीर्द लिहिणे, कोणत्या जॉबरने सणासुदीला किती उचल घेतली व तिची दर आठवड्याला किती वजावट झाली याची खतावणी ठेवणे, आणि डझनांच्या हिशेबाने बाहेर पडणाऱ्या मालाची पावत्यांशी रुजुवात घालणे, ही त्यांची अधिकृत कामे. परंतु त्यांच्या प्रतिभेचा खरा विलास त्या अदृश्य वहीत आहे, जिच्यात देशातील प्रत्येक नामांकित खेळाडूचे एकेक खाते त्यांनी उघडून ठेवले आहे. त्या खेळाडूसाठी केलेली जागरणे, पैजेत गमावलेले चहा, धाकट्या मेहुण्याशी झालेला अबोला आणि उपांत्य सामन्याच्या दिवशी शकुन मोडू नये म्हणून एकाच कुशीवर काढलेली दुपार, हे सारे तपशीलवार त्या खेळाडूच्या नावे पडलेले असते. तिकीट काढून मैदानात गेल्याची नोंद मात्र या वहीत सापडत नाही. कारण वानखेडे लांब आहे, आणि रजा बिनपगारी आहे. आपण इतक्या मोठ्या रकमेचे देणेकरी आहोत याची खेळाडूला बापड्याला वार्ताही नसते, आणि म्हणूनच तो एके दिवशी निर्धास्तपणे दुसऱ्या संघात निघून जातो.

अशा प्रसंगी अण्णांच्या ठिकाणी होणारे विकार क्रमाने पाहण्यासारखे आहेत. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला, हुंदळेवाडी गावचा सिद्धार्थ देसाई प्रो कबड्डीत यू मुंबाकडून उतरला. ३६.४० लाखांना घेतलेल्या या नवख्या चढाईपटूने एकाच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवून प्रतिपक्षांची दाणादाण उडविली, तेव्हा अण्णांनी त्याचे खाते मोठ्या हौसेने उघडले. पुढे लिलाव जवळ येऊन कुजबुज सुरू झाली, तेव्हा ‘जायचा न्हाई ओ तो, रक्तात मुंबई आहे त्याच्या,’ असा निर्वाळा अण्णांनी दिला. चंदगडच्या रक्तात मुंबई कोणत्या मार्गाने शिरली, हे विचारण्याचे धैर्य टपरीवर कोणालाच झाले नाही. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच सिद्धार्थला १.४५ कोटींना उचलले, आणि अण्णांच्या मुखातून जो एकच शब्द बाहेर पडला तो होता ‘गद्दार’.

आता सोलापूरच्या या भागात तेलुगू टायटन्सची निंदा करणे ही सोपी गोष्ट नव्हे. येथल्या मागांवरचे कित्येक हात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली कुटुंबांतले आहेत. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि सोयरिकीच्या निमित्ताने कन्नड अशी येथल्या जिव्हेची त्रिस्थळी यात्रा असते. त्यामुळे ज्या बाकावर अण्णा शोक करीत होते, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वयस्क विणकर मामा पेढ्याची पुडी सोडीत बसले होते.

‘अण्णा, मुंबईवाल्यांनी ठेवून घेतलं न्हाई, आमच्यावाल्यांनी घेतलं. ह्यात गद्दारी कुठून आली ओ?’ मामांनी विचारले.

‘मग न्हाई म्हणायचं होतं त्यानं!’ अण्णा कडाडले, ‘पैसा म्हणजे सगळं नसतंय, मामा.’

हे सुभाषित ज्या शनिवारी उच्चारले गेले, त्याच शनिवारी मामांच्या मजुरीतून उचलीचा हप्ता पै-पैशासह वजा करण्यात आला, हे इतिहासाच्या सोयीसाठी येथे नमूद करून ठेवतो. टायटन्स त्या हंगामात बाद फेरीपर्यंतही पोचले नाहीत. अण्णांनी हा ईश्वरी न्याय मानला. मामांनी मात्र सिद्धार्थचे ‘बाहुबली’ हे टोपणनाव नातवाला शिकविले.

शोकाचा पहिला आवेग ओसरला की अण्णांच्यातला दिवाणजी जागा होतो. मासिक 15,000 रुपये या आपल्या पगाराने ते त्या रकमेला भागतात, आणि १.४५ कोटी म्हणजे आपला ऐंशी वर्षांचा पगार होतो असा निष्कर्ष काढून काही काळ स्तब्ध बसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील आयपीएलच्या लिलावात लखनौच्या संघाने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतले, तेव्हा हाच भागाकार पंधराशे वर्षांवर गेला; म्हणजे बदामीच्या चालुक्यांचा उदय होण्यापूर्वी जर अण्णा कामावर रुजू झाले असते आणि आजतागायत त्यांनी एकही खाडा केला नसता, तर ही रक्कम त्यांच्या पदरी पडली असती, अर्थात उचल न घेतल्यास. दिल्ली सोडण्यामागे पैसा नव्हता, असा खुलासा पंतने स्वतः केला होता; परंतु खेळाडूचे खुलासे अण्णांच्या दप्तरी दाखल करून घेण्याची वहिवाट नाही.

या व्याधीचा कळस झाला तो हार्दिक पांड्याच्या प्रकरणी. २०१५ साली मुंबई इंडियन्सने पुढे आणलेला हा खेळाडू २०२२ मध्ये गुजरातच्या नव्या संघाचा कर्णधार झाला व पहिल्याच वर्षी त्याने विजेतेपद पटकावले. तेव्हा अण्णांनी त्याला गद्दार ठरविले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मुंबईत परतला आणि डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. तेव्हा अण्णांनी त्याला पुन्हा गद्दार ठरविले. जाणे हा गुन्हा आणि परत येणे हा त्याहून भयंकर गुन्हा, असे हे फौजदारी शास्त्र असल्यामुळे आरोपीने नेमके कोठे उभे राहावे याचा उलगडा आजवर झालेला नाही. २०२४ च्या हंगामात अहमदाबादेपासून वानखेडेपर्यंत प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना लोकांना सभ्यपणे वागण्याची समज द्यावी लागली. आणि येथे अक्कलकोट रस्त्यावर अण्णांनी मोबाइलच्या वीतभर पडद्याकडे पाहून जी हुर्यो उडविली, तिने शेजारच्या गाळ्यातील वॉर्पर काम सोडून बाहेर आला. पुढे २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्याच हार्दिकने टाकले, भारत जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. अण्णाही घोषात सामील होते. पूर्वीच्या निकालाचे काय झाले असे कोणी विचारले, तेव्हा ‘ते आयपीएलचं होतं बे, हे देशाचं आहे,’ असे सांगून त्यांनी खटला दुसऱ्या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत ढकलला.

या सर्व वहीत एक जागा मात्र कोरी आहे, आणि ती मालकाची. २०२२ च्या हंगामापूर्वी मुंबईने जे चार खेळाडू राखून ठेवले, त्यांत रोहित, बुमरा, सूर्यकुमार व पोलार्ड होते, हार्दिक नव्हता. सिद्धार्थलाही यू मुंबाने लिलावात मोकळे सोडले होते. २०२४ चे विजेतेपद कोलकात्याला मिळवून देणाऱ्या श्रेयस अय्यरचे नाव पुढच्या हंगामासाठी राखलेल्या खेळाडूंच्या यादीत नव्हते. पंजाबने त्याला २६.७५ कोटींना घेतले, आणि २०२५ मध्ये पंजाब अंतिम सामन्यात पोचले. ज्याला घरातूनच बाहेर काढले, त्याने घर सोडले असे म्हणण्यात काही तर्कदोष आहे, ही शंका अण्णांना कधी शिवत नाही. आणि याचे कारण त्यांच्या पेशात दडले आहे. सुताचा भाव चढला, टॉवेलाची मागणी बसली, आणि शेठजींनी अर्धे माग बंद करून विणकरांना ‘पुढच्या निरोपापर्यंत येऊ नका’ म्हणून सांगितले, तर अण्णा त्याची नोंद ‘मंदी’ या सोज्ज्वळ सदराखाली करतात. परंतु त्याच विणकराने दोन गाळे पलीकडे डझनामागे चार पैसे जास्त मिळतात म्हणून साचा बदलला, तर तो खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, नमकहराम आणि उचलबुडव्या ठरतो. आयुष्यभर मालकाची कीर्द लिहिल्यामुळे अण्णांची लेखणी मालकाच्या नावे काही टाकावयास गेली की आपोआप थबकते. स्वतः त्यांनी याच वसाहतीत कारखाने बदलले आहेत, ती बाब वेगळी. त्याला ते ‘अनुभव’ म्हणतात.

गद्दारीच्या अपराधाला अण्णांच्या दरबारी मुदतीचा कायदाही लागू आहे. सांगलीचे विजय हजारे यांनी १९३९-४० च्या रणजी हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, आणि लवकरच ते त्याच बडोद्याच्या महाराजांच्या चाकरीत जाऊन त्यांच्या संघातून खेळू लागले. ज्याने आपल्याला झोडपले त्यालाच पदरी ठेवण्याचा हा राजेशाही मार्ग, लिलावाची हातोडी नव्हती म्हणूनच काय तो अधिक शालीन होता. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह हजाऱ्यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी बडोद्याच्या खाती जमा झाली. तरी आज अण्णा ती ‘आपल्या मराठी माणसाची’ म्हणून सांगतात. पॉली उम्रीगर १९२६ मध्ये सोलापुरात जन्मले, नाव काढले ते मुंबईकडून खेळून. १९५५ मध्ये त्यांनी कसोटीतील भारताचे पहिले द्विशतक ठोकले, ते अण्णांच्या मते सोलापूरच्या पार्क मैदानाच्या पुण्याईवर. आणि सोलापूरचाच अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये, सोलापूर रॉयल्स हा संघ हयात असताना, नाशिककडून खेळून पुण्याच्या गोलंदाजांना १३ षटकार मारता झाला, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘पोरगं आपलंच आहे बे, नाशिकला नुसतं खेळायला गेलंय.’ जो आपल्या गावातून गेला तो आपला, आणि जो आपल्या संघातून गेला तो गद्दार, असे हे सूक्ष्म धर्मशास्त्र आहे.

हा विकार सोलापूरच्या उन्हाने होतो असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत बेसबॉल नावाच्या खेळात हुआन सोटो हा फलंदाज डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा यांकीज संघ सोडून त्याच शहरातल्या मेट्स संघाकडे १५ वर्षांच्या, 76.5 कोटी डॉलरच्या करारावर गेला. त्याला गाव बदलावे लागले नाही. तरीही पुढच्या मे महिन्यात तो जुन्या मैदानावर खेळावयास आला, तेव्हा तेथल्या अण्णांनी त्याची मनसोक्त हुर्यो उडविली. सोलापूरकराला तर यात नवल वाटण्याचे काहीच कारण नाही. येथला किल्लाच सोळाव्या शतकात निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात लग्नातील हुंड्यापायी वादात पडला व हातोहात फिरला. त्याला कोणी गद्दार म्हटल्याची नोंद नाही.

राहता राहिले अण्णांचे चिरंजीव. ते अभियंता होऊन पुण्यास हिंजवडीत रुजू झाले, आणि वर्षभरात पगारात तीस टक्के वाढ मिळते म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीत प्रवेश केला. त्या दिवशी अण्णांनी टपरीवर स्वखर्चाने सर्वांना चहा पाजला. ‘पोरगं लाईनीला लागलं,’ असे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला होता. मामांनी चहा फुंकता फुंकता विचारले, ‘जुन्या कंपनीवाल्यांनी काय म्हटलं ओ?’ त्यावर अण्णा जे बोलले ते अक्षरशः असे: ‘ते काय म्हणतेत? त्यांनी पगार वाढवायचा होता की!’

अण्णांना हसताना एक गोष्ट विसरू नये. कोट्यवधींच्या या साऱ्या उलाढालीत खेळाडूला पैसा मिळतो, मालकाला नफा मिळतो, वाहिनीला जाहिराती मिळतात. फक्त अण्णांना काही मिळत नाही, आणि तरीही पुढच्या हंगामात तोच संघ, तोच रंग आणि तेच जागरण धरून बसणारा मनुष्य तेवढा एकच असतो. जो कोणत्याही मोबदल्यावाचून टिकून राहतो, त्याला जाणाऱ्याविषयी वाईट वाटावे हे स्वाभाविक आहे. वाईट वाटण्याचा त्याचा हक्क कोणी हिरावून घेऊ नये. तक्रार आहे ती हिशेबाच्या पद्धतीविषयी.

तेव्हा निष्ठेची वही ठेवण्याची हौस असलेल्या यच्चयावत अण्णांना एवढीच विनंती, की वही जरूर ठेवावी, पण दुहेरी नोंदीने ठेवावी. खेळाडू गेला तर त्याच्या नावे टाकावे. मालकाने सोडला तर तितकेच मालकाच्या नावे टाकावे. विणकराने साचा बदलला आणि शेठजींनी माग बंद केला, या दोन्ही बाबी एकाच पानावर याव्यात. आणि शेवटचे एक पान हिंजवडीच्या खात्यासाठी राखून ठेवावे. एवढे करूनही ताळेबंद जुळला नाही, तर मामांना विचारावे.